चौदा लाखांचा आकडा आणि इबोलाची साथ

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोलाची साथ आली, तेव्हा जानेवारी २०१५ पर्यंत चौदा लाख लोकांना लागण होईल, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या अहवालात म्हटले होते. प्रत्यक्षात साथ संपेपर्यंत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून सुमारे २८,६०० रुग्ण नोंदले गेले. एवढी तफावत पडत असेल, तर याला गणित म्हणावे की ज्योतिष? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण अहवालात नेमके काय होते ते आधी पाहू. चौदा लाखांचा आकडा लायबेरिया आणि सिएरा लिओन या दोनच देशांचा होता. ऑगस्ट २०१४ अखेरच्या नोंदी घेऊन, साथ त्याच वेगाने वाढत राहिली आणि आणखी कोणतीही उपाययोजना झाली नाही, तर २० जानेवारी २०१५ पर्यंत साडेपाच लाख रुग्ण होतील, असा तो हिशेब होता. बरेच रुग्ण नोंदलेच जात नाहीत, म्हणून त्या संख्येला अडीचने गुणले आणि चौदा लाख आले. त्याच अहवालात दुसरी शक्यताही मांडली होती. शंभरातल्या सत्तर रुग्णांना उपचार केंद्रात किंवा संसर्ग पसरणार नाही अशा ठिकाणी ठेवता आले आणि मृतांचे दफन सुरक्षितपणे झाले, तर साथ ओसरून संपेल, असे तिच्यात म्हटले होते. वर्तमानपत्रांनी पहिला आकडा मथळ्यात घेतला, दुसरा बहुतेकांच्या वाचनातही आला नाही.

सत्तर टक्केच का, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहता येते. एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो, ही संख्या या सगळ्या हिशेबाचे मर्म आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाने सप्टेंबर २०१४ मध्ये ती गिनीसाठी १.७१, लायबेरियासाठी १.८३ आणि सिएरा लिओनसाठी २.०२ अशी काढली होती. आपण सोयीसाठी १.८ धरू. एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंत रोग पोचायला सुमारे पंधरा दिवस लागत. म्हणजे आज शंभर रुग्ण असतील, तर पंधरवड्याने १८० नवे, मग ३२४, मग ५८३ आणि दोन महिन्यांनी हजाराच्या वर. आता असे समजू की वेगळा ठेवलेला रुग्ण १.८ ऐवजी जेमतेम ०.१२ जणांना लागण करतो. दहापैकी पाच रुग्ण वेगळे ठेवले, तर उरलेले पाच मिळून नऊ जणांना आणि वेगळे ठेवलेले पाच मिळून ०.६ जणांना लागण करतील. सरासरी आली ०.९६. ती एकच्या खाली आहे, म्हणजे साथ उतरणीला लागली हे खरे. पण दोन महिन्यांनी शंभराचे फक्त पंच्याऐंशी होतील, आणि मधे एखादा रुग्ण नजरेतून निसटला की पुन्हा चढण सुरू. दहापैकी सात वेगळे ठेवले, तर सरासरी ०.६२ वर येते आणि तेवढ्याच काळात शंभराचे पंधरा होतात. पन्नास टक्क्यांवर साथ रेंगाळते, सत्तर टक्क्यांवर ती मोडते. खाटा किती हव्यात आणि कधीपर्यंत हव्यात, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला चौदा लाखांपेक्षा हा फरक अधिक उपयोगी पडतो. उपाययोजनेला महिनाभर उशीर झाला तर शिखरावरची रोजची रुग्णसंख्या सुमारे तिपटीने वाढते, हेही त्याच हिशेबातून निघाले होते.

तरी अहवालातल्या त्या प्रारूपाची, म्हणजे साथीच्या गणिती आराखड्याची, बाजू मी पूर्णपणे घेणार नाही. त्यात माणसे घाबरून शहाणी होत नव्हती. प्रत्यक्षात अहवाल बाहेर पडला त्या सुमारास लायबेरियातील रुग्णसंख्या शिखर गाठून उतरू लागली होती. लोकांनी हस्तांदोलन सोडले होते, दारोदार क्लोरीनच्या पाण्याच्या बादल्या आल्या होत्या, गावे आजाऱ्याला स्वतःहून वेगळे ठेवत होती. अमेरिकी सैन्याने लायबेरियात उभारलेली बरीच केंद्रे तयार झाली तेव्हा तिथे दाखल करायला रुग्णच जवळजवळ उरले नव्हते. सगळीकडे एकाच अडीचने गुणणे हेही ढोबळच होते. शिवाय चार-पाच महिने पुढचे पाहण्याचा हव्यास अंगाशी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाने तेव्हाच केलेला अंदाज २ नोव्हेंबरपर्यंत वीस हजारांहून अधिक रुग्णांचा होता, आणि प्रत्यक्षात नोव्हेंबरच्या आरंभी तेरा हजारांच्या आसपास नोंदले गेले. चूक इथेही झाली, पण सहा आठवड्यांच्या अंतरावरची चूक पचवता येण्याइतकी होती. ज्योतिषी ‘होईल’ म्हणतो आणि हे गणित ‘असे राहिले तर होईल’ म्हणते. त्यातला ‘तर’ मथळ्यात मावत नाही, ही अडचण खरी आहे, आणि आकडा जाहीर करणाऱ्यांना ती ठाऊक नसावी असे मला वाटत नाही.

प्रश्न : इबोलाने रुग्ण लवकर दगावतो, त्यामुळे त्याला रोग पसरवायला वेळच मिळत नाही आणि साथ आपोआप विझते, असे ऐकले आहे. मग ही साथ इतकी कशी पसरली? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ऐकले ते अर्धे खरे आहे. लागण करण्याचा काळ कमी झाला की सरासरीही कमी होते. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या समाजात बारा ते अठरा जणांना लागण करतो, इबोलाचा साधारण दोघांना. इबोला शरीरातील द्रवांच्या थेट संपर्काने आणि लक्षणे दिसू लागल्यानंतरच पसरतो, हवेतून गोवरासारखा पसरत नाही. म्हणूनच विलगीकरणाने तो आटोक्यात येऊ शकतो.

उरलेल्या अर्ध्याची गोष्ट अशी की इबोलात मृत्यूने संसर्ग थांबत नाही. मृत्यूच्या वेळी देहातील विषाणूंचे प्रमाण अतिशय जास्त असते, आणि त्या भागात मृताला नातेवाइकांनी हाताने आंघोळ घालण्याची, त्याला स्पर्श करून निरोप देण्याची रीत आहे. अशा गणितात लोकांचे त्यांच्या अवस्थेनुसार कप्पे पाडतात आणि कोण कोणत्या कप्प्यातून कुठे जातो ते मोजतात. रोगी, रुग्णालय आणि बरे झालेले एवढेच कप्पे केले, तर हिशेब जमत नाही. म्हणून १९९५ सालची काँगोतील आणि २००० सालची युगांडातील साथ अभ्यासणाऱ्यांनी २००७ मध्ये अंत्यविधीचा वेगळा कप्पा केला. दफनाचा भाग कमी केला की सरासरी किती घसरते, हे त्यामुळे स्पष्ट दिसू लागले. पण संख्या एवढेच सांगते. आईला शेवटची आंघोळ घालू नको, हे मुलाला कोणत्या शब्दांत सांगायचे, ते समीकरणात नसते. लायबेरियाची राजधानी मनरोव्हियात मृतदेह सरसकट दहन करण्याचा आदेश निघाला, तेव्हा लोक रुग्ण लपवू लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरवली गेली, त्यात इमाम आणि पाद्री यांना सोबत घेतले गेले. माझ्या मते त्या वर्षातली ही फार मोठी सुधारणा होती, आणि तिचे श्रेय कोणत्याही गणितज्ञाकडे जात नाही.

प्रश्न : शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवसांनीच देश इबोलामुक्त का जाहीर करतात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ जास्तीत जास्त २१ दिवसांचा मानला जातो, त्याची दुप्पट ४२. हे अंकगणितही फसले. ९ मे २०१५ रोजी मुक्त जाहीर झालेल्या लायबेरियाला तीच घोषणा ३ सप्टेंबर २०१५, १४ जानेवारी २०१६ आणि ९ जून २०१६ रोजी पुन्हा पुन्हा करावी लागली. बऱ्या झालेल्या पुरुषांच्या वीर्यात हा विषाणू अनेक महिने टिकू शकतो, हे तोवर पुरेसे लक्षात आले नव्हते. ‘बरे झालेले’ हा कप्पा बंद समजला होता, तो पूर्ण बंद नव्हता. याच काळात गिनीमध्ये रुग्णाच्या संपर्कातील आणि त्या संपर्कातील व्यक्तींच्या संपर्कातील लोकांना लस देऊन रोग्याभोवती वर्तुळ आखण्याचा प्रयोग झाला. लस घेतलेल्या ५,८३७ जणांपैकी दहा दिवस उलटल्यानंतर एकालाही इबोला झाला नाही. सगळ्या लोकसंख्येला लस न देता साथ कशी अडवावी, याचे ते उत्तर होते.

प्रश्न : या गणिताचा मुंबईच्या प्लेगशी काही संबंध आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे. बाधित होण्याजोगे, बाधित आणि बाहेर पडलेले अशा कप्प्यांचे मूळ समीकरण एडिनबर्गमध्ये काम करणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. मॅकेंड्रिक हे पूर्वी भारतात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होते. समीकरण पडताळण्यासाठी त्यांनी मुंबई बेटावरील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधील प्लेगच्या मृत्यूंचे आठवडावार आकडे घेतले, आणि काढलेली वक्ररेषा त्या ठिपक्यांवरून सुरेख गेली. प्लेगचे मूळ जिवाणू, विषाणू नव्हे, आणि तो माणसापेक्षा उंदरांत आधी पसरतो. त्यामुळे माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची केवळ सावली आहे आणि आपली गृहीतके इथे काटेकोरपणे लागू होत नाहीत, हे दोघांनी त्याच निबंधात आलेखाशेजारी लिहून ठेवले होते.