बैलगाडी शर्यत आणि रात्रीच्या कुस्त्या मोबाइलवर नीट शूट करायच्या तर कोणत्या सेटिंग बदलाव्यात? थीम, लाँचर, जीकॅमने फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 108 मेगापिक्सेलचा फोन घेतला, तरी साताऱ्याकडच्या मैदानांवर दिवसा पळणारी गाडी तुटक दिसते, रात्री कुस्तीच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. लाँचर (होम स्क्रीनचं अ‍ॅप), थीम, जीकॅम (गूगलचं कॅमेरा अ‍ॅप) सगळं बदलून झालं, फरक नाही.

त्यानं फरक पडणारही नाही. थीम-लाँचरचा कॅमेऱ्याशी संबंधच नाही. जीकॅमची करामत अनेक फ्रेम जोडून एक फोटो करण्यात आहे, व्हिडिओत ती फारशी उपयोगी पडत नाही. मेगापिक्सेलचं म्हणाल तर 4के व्हिडिओची एक फ्रेम 3840 गुणिले 2160, म्हणजे जेमतेम 8.3 मेगापिक्सेलची असते. 108 चा आकडा दुकानात बोर्डावर लावायला बरा. व्हिडिओला सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) आकार आणि शटर (प्रत्येक फ्रेमला किती सेकंद उजेड मिळतो ते) जास्त महत्त्वाचं.

आधी पट्ट्यांचं बघू. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/60 किंवा 1/125 वर असेल तर फ्रेमच्या काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी. तेच पट्टे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'अँटीबँडिंग' (पट्टे रोखणारी सेटिंग) असेल तर ऑटो काढून 50 हर्ट्झ करा. शटर हातानं ठरवता येणारा प्रो व्हिडिओ मोड असेल तर 30 एफपीएसला (सेकंदाला 30 फ्रेम) शटर 1/50, 60 एफपीएसला 1/100. आयफोनमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट (50 हर्ट्झच्या देशांसाठीचा) चालू केला की 25 एफपीएस मिळतं, दिव्याखाली तेच घ्या.

तरीही पट्टे हळूहळू सरकत असतील तर दिवे जनरेटरवर आहेत का बघा. जनरेटरची फ्रिक्वेन्सी इंजिनच्या फेऱ्यांवर ठरते आणि लोड वाढला की ती 50 च्या खाली घसरते. अशा वेळी 1/48 करून बघा. स्वस्त एलईडी आणि एलईडी वॉलचं गणित वेगळंच असतं, तिथे शटर एकेक पायरी वर-खाली करत पट्टे सगळ्यात कमी कुठे होतात ते शोधावं लागतं. हे कुस्ती सुरू व्हायच्या आधी करा, निकालाच्या वेळी नाही.

रात्री 60 एफपीएसचा मोह टाळा. 60 ला एका फ्रेमला जास्तीत जास्त 1/60 सेकंद उजेड मिळतो, 30 ला 1/30 पर्यंत, म्हणजे दुप्पट. 'सुपर स्टेडी'सारखे मोड बऱ्याच फोनमध्ये अल्ट्रावाइड लेन्सवर चालतात. तिचा सेन्सर लहान, त्यामुळे अंधारात चित्र पार खरखरीत होतं. 'ऑटो एफपीएस'ही बंद ठेवा. उजेड कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम कमी करतो, आणि मग एडिटिंगमध्ये आवाज पुढे-मागे होतो.

आता दिवसाची गाडी. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र बहुधा कायम एफ/1.8 च्या आसपास असतं, लहान करता येत नाही. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 50 ला धरलं तरी शटर 1/4000 च्या आसपास जातं. प्रत्येक फ्रेम इतकी कोरीव येते की मधला वेगाचा फराटा उरतच नाही, आणि बैल उड्या मारत पळाल्यासारखे दिसतात. फुकटातला उपाय म्हणजे 60 एफपीएस. पुरता उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळपट काच: 60 एफपीएसला शटर 1/120 वर आणायला एनडी32, 30 एफपीएसला 1/60 च्या आसपास एनडी64. क्लिपवाला फिल्टर एकाच लेन्सवर बसतो, म्हणून झूम 1एक्सवरच ठेवा, नाहीतर फोन लेन्स बदलतो आणि चित्र एकदम पांढरं पडतं.

गाडीबरोबर फोन झपकन फिरवला की मागचे खांब तिरके दिसतात, कारण सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो. यावर सेटिंग नाही. जागा बदला: बाजूला चिकटून उभं न राहता लांबून, गाडी तिरकी आपल्याकडे येईल अशा कोनात. सुरक्षितही तेच. धुळीत फोकस भरकटतो, म्हणून गाडी जिथून जाणार तिथल्या जमिनीवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा.

पर्सनलायझेशन करायचंच तर उपयोगाचं करा. पॉवर बटण दोनदा दाबलं की कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'शेवटचा मोड लक्षात ठेवा' चालू, म्हणजे फोन थेट व्हिडिओतच उघडतो. व्हॉल्यूम बटण झूमऐवजी रेकॉर्डला लावा. एचडीआर व्हिडिओ (उजेड-सावलीतला फरक जास्त दाखवणारा) बंद ठेवा, दुसऱ्यांच्या फोनवर त्याचे रंग फिकट किंवा भगभगीत दिसतात. आणि विमान मोड. ऐन फायनलला पाहुण्यांचा फोन आला की बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथंच थांबतं.

जागेचा अंदाज: आयफोनमध्ये एचईव्हीसीत (फाइल लहान ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) 4के 30 ला मिनिटाला साधारण 170 एमबी, 4के 60 ला 400 एमबी. म्हणजे 20 मिनिटांना 8 जीबी. एप्रिल-मेच्या उन्हात 4के 60 वर फोन तापून बंदही पडतो, कव्हर काढा आणि शूट करताना पॉवर बँक लावू नका. गाडी मालकाला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना गॅलरीतून न टाकता 'डॉक्युमेंट' म्हणून टाका, 2 जीबीपर्यंतची फाइल दर्जा न घटता जाते.