बाबा सोलापुरात, आपण परदेशात: शेवटच्या निरोपाचं आधी बोलून ठेवा

टोरांटोहून एका ताईंनी विचारलंय: "बाबा ८१ वर्षांचे, सोलापुरात एकटेच असतात. काही झालंच तर सगळं साधेपणानं, कमी खर्चात कसं करायचं? आत्ताच असा विचार करणंसुद्धा अभद्र वाटतं."

ताई, अभद्र काही नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा चहा पिताना बाबांनाच विचारा. माझी मावशी गेली, तेव्हा अमेरिकेतल्या मुलासाठी आम्ही तिला दोन दिवस शवपेटीत ठेवलं. मे महिना. लाईट गेली की पेटीची घरघर थांबायची आणि घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. तेरावं झाल्यावर कपाटात तिच्या हातची चिठ्ठी सापडली, 'मुलांसाठी मला थांबवू नका.' आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून कळकळीनं सांगते, अग्नी त्याच दिवशी होऊ द्या. पुतण्या, भाची, शेजारचा मुलगा, कुणीही देईल. तुम्ही दहाव्याला पोचा. अस्थी तुमच्यासाठी राखून ठेवता येतात. पंढरपूर सोलापूरहून पाऊणशे किलोमीटरच्या आत आहे, चंद्रभागेत विसर्जन करून संध्याकाळी घरी परतता येतं. घराण्यात दफनाची रीत असेल, लिंगायत घरांत असते तशी, तर जागेची चौकशी आताच करा. बाबांना देहदान करायचं असेल तर सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनीच अर्ज भरून ठेवावा.

खर्च लाकडं-तिरडीनं फारसा वाढत नाही, तेराव्याच्या पंगतीनं वाढतो. आपण जवळ नव्हतो याची बोच लागते आणि परदेशातली लेकरं मंडप, केटरर, दोनशे पानं, सगळ्याला हो म्हणतात. घरच्या माणसांपुरतं जेवण पुरे. हार-शाली आणू नका, असं भाऊबंदांना आधीच कळवा. गुरुजींशी दक्षिणेचंही आधीच बोलून घ्या.

कागदांत मात्र कसूर नको. मृत्यू घरी झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला लगेच घ्यायचा. महापालिकेत नोंद २१ दिवसांच्या आत. नाव आधारवर आहे अगदी तसंच लिहिलंय ना, हे तपासा. एका अक्षराच्या फरकानं पुढे बँकेत अडतं. महापालिकेच्या मृत्यू दाखल्याच्या चार-पाच प्रती घेऊनच परत जा.

आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: डॉक्टर, शववाहिका, गुरुजी यांचे नंबर, आणि ज्याच्याकडे थोडे पैसे ठेवलेत त्याचं नाव. कागद कुठे आहे, ते शेजारच्या काकूंना सांगून ठेवा.