ट्रॅक नंतर बघा, आधी परीक्षांचं वेळापत्रक मागा

ताई, तुमची लेक आठशे मीटर धावते, बारावीला गुणही चांगले आहेत. पुण्याबाहेरच्या एका छोट्या खासगी विद्यापीठानं फीमध्ये सवलत देऊ केली आहे, आणि शहरातल्या जुन्या मोठ्या कॉलेजातही तिला प्रवेश मिळतोय. छोट्या ठिकाणी तिचा खेळ मागे पडेल का, आणि खेळापायी बाकीचं शिक्षण अर्धवट राहील का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पुण्यात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून माझी सगळी नोकरी कॉलेजच्या जिमखान्यात गेली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

छोटं विद्यापीठ धावणाऱ्या मुलीला छान मानवू शकतं. पण ते तिथल्या ट्रॅकवर किंवा चकचकीत जिमवर ठरत नाही. तिथले तास, प्रॅक्टिकल आणि परीक्षा तिच्या सरावासाठी आणि स्पर्धांसाठी किती वाकतात, त्यावर ठरतं.

आधी दोन्हीकडची वाट समजून घ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात गेली, तर आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ. पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक असे विभाग असल्यामुळे विद्यापीठाची जर्सी अंगावर चढायच्या आधीच तिच्या कसून शर्यती झालेल्या असतात. खासगी विद्यापीठाला संलग्न कॉलेजं नसतात. कॅम्पसवर चाचणी होते आणि निवडलेली मुलगी थेट भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या, आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. ॲथलेटिक्समध्ये प्रत्येक प्रकारात विद्यापीठामागे मोजक्याच प्रवेशिका असतात. मोठ्या विद्यापीठात त्यासाठी झुंबड उडते, छोट्या ठिकाणी कदाचित तिच्याशिवाय आठशे धावणारी दुसरी कुणी नसेलही.

ऐकायला हे सोयीचं वाटतं, आणि पहिल्या वर्षी असतंही. अठराव्या वर्षी अखिल भारतीय स्पर्धेचं वातावरण बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण संघात जागा मिळाली म्हणून धावण्याची वेळ कमी होत नाही. मागच्या काही अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांचे निकाल काढा आणि मुलींच्या आठशेत आठव्या आलेल्या मुलीची वेळ बघा. तिची आजची वेळ त्याच्याशेजारी मांडली की तीन वर्षांत किती काम आहे ते कळेल. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची वाटही याच स्पर्धेतल्या कामगिरीतून जाते. २०२० मध्ये भुवनेश्वरला त्या सुरू झाल्यापासून मुलांना आणखी एक मोठं व्यासपीठ मिळालं आहे.

आठशेच्या बाबतीत छोट्या ठिकाणची खरी अडचण वेगळीच आहे. पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये काढायचं आणि मग सगळ्याजणी आत येतात. तिथे कोपर लागतं, पाय पायात येतो, पुढची मंदावली की आतल्या कडेला कोंडी होते आणि बाहेर पडायला वाट सापडत नाही. एकटीनं स्टॉपवॉच लावून कितीही फेऱ्या मारल्या तरी हे अंगवळणी पडत नाही. त्यासाठी गर्दीतच धावावं लागतं. म्हणून ती छोट्या विद्यापीठात गेली, तर आठवड्यातले दोन दिवस तरी तिचा सराव बाहेरच्या गटात हवा. स्वारगेटजवळचं सणस मैदान आहे, बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेल्या या संकुलात २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. दोन्हीकडे सिंथेटिक ट्रॅक आहे, त्यामुळे पावसाळ्यात कॅम्पसच्या मैदानावर गुडघाभर गवत आणि चिखल असला तरी सराव थांबत नाही. शिवाय जिल्हा आणि राज्य संघटनांच्या स्पर्धांत ती विद्यापीठाशिवायही उतरू शकते. तिनं उतरायलाच हवं.

पण कॅम्पस ते मैदान हे अंतर नकाशावर मोजू नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी पीएमपीच्या बसनं स्वतः जाऊन बघा. जायला तास, यायला तास आणि मध्ये दीड तासाचा सराव, असं रोज केलं तर झोप आणि जेवण यांतलं एक काहीतरी कापलं जातं. कडक ट्रॅकवर्क आठवड्यात दोन-तीनदाच असतं, तेवढ्याच दिवशी बाहेर जायचं. सावकाश धावणं, डोंगर, व्यायाम हे कॅम्पसवर होतं. पुण्याच्या कडेच्या बहुतेक कॅम्पसना टेकडी शेजारीच लाभली आहे, तिचा भरपूर उपयोग करता येतो.

आता परीक्षा. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पुढे थंडीभर चालतो. पहिल्या सत्राच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात. विद्यापीठाच्याच संघातून खेळायला गेलेल्या मुलांचे पेपर बुडाले आणि परत आल्यावर एटीकेटीचा, म्हणजे राहिलेला पेपर पुन्हा देण्याचा, फॉर्म भरावा लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशी मुलं पुढच्या वर्षी चाचणीला येत नाहीत. आईवडील येऊ देत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून तुम्ही एकच कागद मागा: स्पर्धेमुळे पेपर बुडाला तर तो पुन्हा कधी आणि कसा घेतला जातो, आणि स्पर्धेचे दिवस ७५ टक्के हजेरीत धरले जातात का. ‘बघू, करू काहीतरी’ असं तोंडी उत्तर मिळालं तर ते नाही म्हणूनच समजा.

इथे छोटं विद्यापीठ मोठ्या कॉलेजावर मात करू शकतं. वर्गात चाळीस मुलं असली की शिकवणाऱ्यांना नावं माहीत असतात. क्रीडा संचालक आणि विभागप्रमुख एकाच कँटीनमध्ये चहा घेत असतील, तर प्रॅक्टिकलची बॅच बदलायला अर्ज तीन टेबलांवरून फिरत नाही. तीनशे मुलांच्या वर्गात हे कितीही मनात असलं तरी अवघड जातं. भेटायला जाल तेव्हा क्रीडा संचालकांना विचारा, मागच्या वर्षी स्पर्धेला गेलेल्या मुलामुलींचे पेपर कसे झाले. ते नावं घेऊन सांगू लागले तर निम्मी काळजी मिटली.

चौफेर वाढीचा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडा, एनसीसी, एनएसएस, कला यांना पदवीत श्रेयांक (क्रेडिट) आहेत, ते चांगलंच झालं. पण मुलं घडतात ती काम अंगावर पडल्यावर, आणि छोट्या ठिकाणी ते पडतंच, कारण करायला दुसरं कुणी नसतं. वार्षिक क्रीडा दिनाचं मैदान आखायचं उदाहरण घ्या. बहुतेक कॅम्पसवर दोनशे मीटरचाच मातीचा ट्रॅक बसतो. खिळे, सुतळी, टेप आणि फक्कीची पोती घेऊन मुलं पहाटे उतरतात. चारशेची शर्यत लेनमध्ये घ्यायची तर बाहेरच्या लेनला किती पुढून सोडायचं, हा पहिला प्रश्न. लेन १.२२ मीटर रुंद, आतली कड नुसत्या फक्कीची. मग एका पूर्ण फेरीमागे प्रत्येक लेनला ७.६७ मीटर पुढे सरकावं लागतं. दोनशेच्या ट्रॅकवर चारशे म्हणजे दोन फेऱ्या, म्हणून अंतर दुप्पट. मैदान मोठं असो की छोटं, फेरीमागचा हा आकडा तोच राहतो, कारण तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो. गणिताला घाबरणारी मुलगी हे वर्तुळाच्या परिघाचं सूत्र सुतळी हातात धरून स्वतः पडताळते, आणि मग दुपारी त्याच रेषेवरून शर्यत सोडते. टाइमकीपरना जागेवर उभं करते, निकालावरून भांडायला आलेल्या सीनियरला समजावते, पाण्याच्या जारचा हिशेब ठेवते. जिथे पाच हजार मुलं आहेत तिथे हे काम ठरलेल्या पंधराजणांच्या वाट्याला येतं. तुमच्या मुलीला हे मिळायला हवं, आणि पुरुषोत्तम करंडक या नाट्यस्पर्धेसाठी एकांकिका बसत असेल तर तिथेही तिनं जावं, निदान पडद्यामागे तरी. हंगाम संपल्यावर पायांना थोडं सैल सोडावंच लागतं, तेव्हा अशा कामांना वेळ मिळतो.

वसतिगृहाचं थोडक्यात, पण गंभीरपणे सांगतो. मेस किती वाजता बंद होते ते विचारा. सरावाहून आठला परतणाऱ्या मुलीसाठी ताट राखून ठेवतात का? लांब धावणाऱ्या मुली कमी खातात, पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि ‘सरावामुळे असं होतंच’ म्हणून सगळे गप्प बसतात. ते तसं सोडून द्यायचं नसतं. शरीराला खर्चाच्या मानानं अन्न कमी पडतंय याची ती खूण आहे, पुढे त्यातून हाडाला बारीक तडे जातात. सत्राच्या सुरुवातीला हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि याबद्दल मोकळेपणी बोलता येईल अशी एखादी प्रशिक्षिका किंवा मॅडम तिथे आहेत का, हे पाहा.

नातेवाईक करिअरचं विचारतात म्हणालात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक पातळीची कामगिरी आणि त्या पदासाठीचं शिक्षण दोन्ही लागतात. तुमच्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या आणि पुढे राज्याच्या महसूल सेवेत दाखल झाल्या. इतकी उंची सगळ्यांना गाठता येत नाही, म्हणून विषय तिच्या आवडीचाच घ्या. खेळाला वेळ मिळावा म्हणून सोपा विषय घेतलेली मुलं तिसऱ्या वर्षी दोन्हीकडून कंटाळलेली मी पाहिली आहेत.

शेवटी फीच्या सवलतीचं. ती दरवर्षी कामगिरीवर मिळते की तीन-चार वर्षांसाठी कायम आहे, हे लेखी घ्या. विशेषतः दुखापतीच्या वर्षी काय होतं ते त्यात स्पष्ट हवं. नडगी किंवा घोटा सहा महिने घरी बसवू शकतो, आणि त्याच वर्षी पूर्ण फी भरायची वेळ आली तर सवलतीला अर्थ राहत नाही. हे आणि पेपरचा नियम, दोन्ही लेखी मिळालं तर मी तिला छोट्या विद्यापीठात पाठवेन. यातलं एक जरी मिळालं नाही तर शहरातलं कॉलेज घ्या आणि सणसवर सकाळचा सराव लावून टाका.