ऑडिशनच्या तारखा एकमेकांवर आल्या तर?

न्यू जर्सीतल्या एडिसनचं मराठी कुटुंब. मुलगी बारावीत, तिकडच्या भाषेत सीनियर. म्युझिकल थिएटर किंवा अभिनय या विषयात बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स ही पदवी) करायचं तिचं पक्कं ठरलेलं, बारा कॉलेजांची यादीही तयार. ऑक्टोबर संपता संपता तिच्या आईने विचारलं, "सगळ्या ऑडिशन जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीतच आहेत. दोन तर एकाच शनिवारी. एका कॉलेजला तारीख बदलून मागितली तर 'या मुलीला फारशी गरज दिसत नाही' असं त्यांना वाटेल का? आणि मुळात लवकरची तारीख बरी की उशिराची?"

दर हंगामात हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच, म्हणून उत्तर आधी देऊन टाकतो. वेळेत आणि सभ्यपणे तारीख बदलून मागितल्याने निवडीवर परिणाम होत नाही. तारखा सांभाळणारी व्यक्ती विभागाच्या ऑफिसात बसते, ऑडिशन घेणारे प्राध्यापक वेगळे असतात. स्लॉट तीन वेळा बदलला की एकदा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. न कळवता गैरहजर राहिलं तर मात्र नाव लक्षात राहतं, आणि दुसरी तारीख मिळणं जवळपास संपतं.

या घरातली खरी अडचण दुसरीच होती. वडिलांनी एक्सेल शीट केली होती आणि तीत प्रत्येक कॉलेजसमोर एकच शेवटची तारीख लिहिली होती, बहुतेक ठिकाणी १ जानेवारी. परफॉर्मिंग आर्ट्सच्या अर्जाला दोन दारं असतात. एक विद्यापीठाचं: कॉमन ॲप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज), मार्क, निबंध, शिफारसपत्रं. दुसरं कलाविभागाचं: प्रीस्क्रीन, म्हणजे ऑडिशनला बोलवायचं की नाही हे ठरवण्यासाठी आधी मागवलेले व्हिडिओ, आणि मग ऑडिशन. विद्यापीठाची सर्वसाधारण मुदत १ जानेवारी असली, तरी ऑडिशन द्यायची असेल तर तोच अर्ज १ नोव्हेंबर किंवा १ डिसेंबरला मागणारी कॉलेजं भरपूर आहेत. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डची मुदत १ डिसेंबरची. त्याच्याही आधी प्रीस्क्रीनची वेगळी तारीख असू शकते. आणि काही ठिकाणी कॉमन ॲप पाठवल्याशिवाय प्रीस्क्रीनच्या पोर्टलचं लॉगिनच येत नाही. अर्ज गेल्यावर ते यायला दोन-चार दिवस लागतात. मुदतीच्या रात्री अकरा वाजता अर्ज पाठवणाऱ्यांची गाडी इथेच चुकते.

म्हणून शीट नव्याने मांडली. प्रत्येक कॉलेजसमोर हे रकाने: विद्यापीठाच्या अर्जाची मुदत, प्रीस्क्रीनची मुदत, निकाल साधारण कधी, ऑडिशनच्या सगळ्या उपलब्ध तारखा, ठिकाण (कॅम्पस, दुसरं शहर की ऑनलाइन), डान्स कॉल (नाचाची वेगळी चाचणी) आहे का, कॉलबॅक (पुन्हा बोलावणं) त्याच दिवशी की नंतर, काय सादर करायचं, बॅकिंग ट्रॅक की पियानोवादक, कलाविभागाची फी, पोर्टलचं लॉगिन, विभागाच्या ऑफिसचा ईमेल. शेवटचा रकाना टाइम झोनचा. तो कुणीच ठेवत नाही, आणि शिकागोतल्या कॉलेजच्या 'सकाळी ९' च्या ऑनलाइन ऑडिशनला एडिसनच्या घड्याळात १० वाजलेले असतात. इथे निदान चूक झाली तर तासभर आधी लॉगिन होतं. उलट दिशेने चूक झाली तर सगळंच संपतं.

फीचा रकाना पालक सोडून देतात. कॉमन ॲपची फी वेगळी, कलाविभागाची वेगळी, आणि कॉमन ॲपची फीमाफी मिळाली म्हणून कलाविभागाचीही माफ होते असं नाही. बारा कॉलेजांचा हिशोब प्रवास धरायच्या आधीच कित्येकशे डॉलरवर जातो.

शीट भरल्यावर बारांपैकी तीन कॉलेजांना प्रीस्क्रीन नव्हतंच, सरळ ऑडिशन होती. एकाची प्रीस्क्रीनची मुदत होऊन गेलेली, ते गळालं. उरलेल्या आठांसाठी व्हिडिओ हवे होते. म्युझिकल थिएटरच्या बऱ्याच कॉलेजांनी मिळून आता एक सामाईक प्रीस्क्रीन केली आहे. तीत गाण्यांचे, मोनोलॉगचे (नाटकातल्या स्वगताचे) आणि नाचाचे ठरलेले पर्याय असतात, त्यातला आपल्याला कोणता हवा ते कॉलेज सांगतं. गाण्याचा तुकडा आणि मोनोलॉग साधारण साठ ते नव्वद सेकंदांचे. त्यामुळे आठ कॉलेजांसाठी आठ वेळा चित्रीकरण करावं लागत नाही. दोन गाणी, दोन मोनोलॉग, एक नाच आणि ओळख करून देणारी छोटी क्लिप, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. पण 'बहुतेकांचं' हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या कॉलेजला ओळख त्याच क्लिपमध्ये हवी असते, एखाद्याला वेगळी. कुणाला पूर्ण अंग दिसणारी चौकट, कुणाला छातीपासून वर. चित्रीकरण करण्याआधी सगळ्यांच्या सूचना एका कागदावर समोरासमोर मांडायच्या. हे काम ऑगस्ट-सप्टेंबरचं. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिडिओ तयार असले तर पुढचं सगळं हलकं जातं. या मुलीचे व्हिडिओ दोन शनिवार-रविवारांत घाईघाईने झाले. चालून गेलं, पण आवाज थकलेला ऐकू येत होता.

आता डिसेंबर. भारतीय घरांतला हा हमखास गुंता आहे. पुण्यात आत्तेभावाचं लग्न, २० डिसेंबर ते १० जानेवारीची तिकिटं काढलेली. प्रीस्क्रीनचे निकाल नेमके याच दिवसांत येतात. निकालाच्या ईमेलमध्ये ऑडिशनचा स्लॉट निवडण्याची लिंक असते, आणि स्लॉट बहुतेक ठिकाणी आधी येईल त्याला. शनिवारचे आणि न्यूयॉर्कचे स्लॉट आधी उडतात. लग्न टाळायचं का? नाही. हिवाळ्यात न्यू जर्सी आणि पुणे यांत साडेदहा तासांचं अंतर असतं. तिकडे सकाळी १० वाजता लिंक उघडली तर पुण्यात रात्रीचे साडेआठ. म्हणजे हळदीच्या रात्रीसुद्धा स्लॉट निवडता येतो, फक्त कोणती तारीख घ्यायची ते आधी ठरलेलं हवं. प्रत्येक कॉलेजसाठी पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहून तो कागद मुलीच्या फोनमध्ये ठेवला. मेलच्या स्पॅम फोल्डरकडे रोज बघायचं काम धाकट्या भावाला दिलं आणि त्याने ते भलत्याच गंभीरपणे केलं. परतीचं तिकीट मात्र १० वरून ३ जानेवारीवर आणलं. लांबचा विमानप्रवास, जेट लॅग, पुण्यातली धूळ आणि थंडी यांतून गळा सावरायला आठ-दहा दिवस लागतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गायचं असेल तर ते हाताशी हवेत.

लवकर की उशिरा, या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या पद्धतीवर आहे. बहुतेक बीएफए कार्यक्रमांत सगळ्या ऑडिशन झाल्यावरच वर्ग ठरवतात, कारण त्यांना वेगवेगळ्या आवाजांचा, वेगवेगळ्या प्रकारच्या नटांचा गट बांधायचा असतो. तिथे नोव्हेंबरची तारीख आणि फेब्रुवारीची तारीख सारखीच. जिथे निर्णय जसजसे होतील तसतसे कळवतात, म्हणजे साइटवर 'रोलिंग' लिहिलेलं असतं, तिथे मात्र लवकर जाणं फायद्याचं. 'पहिल्या दिवशी गेलेल्यांना विसरतात' ही पालकांच्या व्हॉट्सॲप गटातली लाडकी भीती आहे. पॅनल प्रत्येकाबद्दल लिहून ठेवतं, तेही पगार घेऊन.

क्रमाचं महत्त्व मुलीच्या बाजूने आहे. सर्वात आवडतं कॉलेज पहिलं ठेवू नये. पहिल्या खोलीत हात थंड पडतात, तुकडा कुठून सुरू करायचा हे पियानोवादकाला सांगताना जीभ अडखळते. एकदम शेवटीही नको, तोवर आवाज आणि उत्साह दोन्ही उतरलेले असतात. तिसरी किंवा चौथी ऑडिशन बरी. या मुलीची पहिली डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, प्रीस्क्रीन नसलेल्या, गाडीने जाता येईल अशा कॉलेजला ठेवली. तिथे तिला कळलं की आपला दुसरा मोनोलॉग अनोळखी लोकांसमोर चालत नाही. तो बदलायला सात आठवडे मिळाले.

आठांपैकी पाच प्रीस्क्रीन पास झाल्या. म्हणजे प्रीस्क्रीन नसलेली तीन धरून आठ ऑडिशन, त्यांतली एक झालेली. आणि आईला सतावणारी टक्कर अजून तशीच. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पेनसिल्व्हेनियातल्या आवडत्या कॉलेजची कॅम्पसवर ऑडिशन, आणि त्याच शनिवारी शिकागो युनिफाइड्स.

युनिफाइड्स म्हणजे अनेक नाट्यविभाग एकाच शहरात एकाच सुमारास ऑडिशन घेतात ती सोय. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस ही तीन शहरं, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. एका प्रवासात तीन-चार कॉलेजं होतात, पण प्रत्येक कॉलेजचा स्लॉट त्या-त्या कॉलेजकडूनच घ्यावा लागतो. सगळ्यांचं मिळून एक वेळापत्रक कुणी करून देत नाही. पेनसिल्व्हेनियातलं कॉलेज न्यूयॉर्क युनिफाइड्समध्येही ऑडिशन घेत होतं. मुलीला मात्र कॅम्पसच हवा होता, "तिथलं वातावरण बघायचंय." आमचं मत स्पष्ट होतं. वातावरण एप्रिलमध्ये, प्रवेश मिळाल्यावर बघता येतं. तीच ऑडिशन न्यूयॉर्कला घेतली तर एडिसन स्टेशनवरून ट्रेनने पेन स्टेशन गाठलं की झालं. हॉटेल नाही, विमान नाही, आणि शिकागोही वाचतं. ती न्यूयॉर्कला आली. ऑडिशन कॅम्पसवर दिली म्हणून जास्त वजन मिळत नाही, हे कॉलेजं स्वतःच सांगतात.

ज्यांना घराजवळचे पर्याय आहेत त्यांनी ते मात्र कॅम्पसवरच द्यावेत. न्यू जर्सीकरांना रटगर्सचं मेसन ग्रॉस आणि माँटक्लेअर स्टेट गाडीने सहज होतात. ऑनलाइन ऑडिशन फक्त अंतर किंवा खर्च परवडत नसेल तिथे.

तारीख बदलण्याचा ईमेल मुलीने स्वतः लिहायचा, वडिलांनी नाही, आणि प्राध्यापकांना नव्हे तर ऑफिसला. पाच-सहा ओळी पुरतात: पूर्ण नाव आणि अर्जाचा क्रमांक, सध्याचा स्लॉट, अडचण एका वाक्यात, चालतील अशा दोन तारखा, बदल शक्य नसेल तर मी सध्याच्या स्लॉटलाच येईन, आभार. दुसऱ्या कॉलेजचं नाव घ्यायची गरज नाही, 'त्या दिवशी दुसरी ऑडिशन आहे' एवढं पुरतं. हे त्यांना रोजचं आहे. नवा स्लॉट लेखी मिळेपर्यंत जुना सोडायचा नाही.

शिकागोचा आराखडा असा झाला. शुक्रवारी दुपारी पोचायचं. शनिवारी साडेदहाला एक कॉलेज, दीडला दुसरं, चारला त्याच दुसऱ्याचा डान्स कॉल. रविवारी अकराला तिसरं. खोलीत प्रत्यक्ष दहा मिनिटंच लागतात, पण पॅनल उशिरा चालतं आणि कॉलेजं वेगवेगळ्या हॉटेलांत, स्टुडिओंत असू शकतात, म्हणून दोन स्लॉटमध्ये किमान दीड तास. डान्स कॉलनंतर लगेच गायचं नाही. दम लागलेला असताना वरचे सूर कोरडे येतात. एका दिवसात तीन कॉलेजं ही आमची वरची मर्यादा. परतीचं विमान रविवारी संध्याकाळी सातनंतरचं, कारण काही कॉलेजांच्या कॉलबॅकची यादी दुपारी लागते आणि दोनचं विमान धरलेली मुलं ती विमानतळावर वाचतात. आईचा जीव तिकिटाच्या भावात अडकला होता. अमेरिकेत प्रवासाच्या सात दिवस आधीपर्यंत कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट चोवीस तासांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत द्यावे लागतात, किंवा कंपनीने तेवढा वेळ तो भाव तरी राखून ठेवायचा. पैसे परत देणाऱ्या कंपनीचं तिकीट आधी काढायचं आणि त्याच दिवशी कॉलेजकडून वेळ पक्की करून घ्यायची.

शाळेचं संगीत नाटक मार्चमध्ये होतं आणि त्याच्या तालमींचा जोर फेब्रुवारीत. दिग्दर्शक शिक्षकांना गैरहजेरीच्या तारखा नोव्हेंबरमध्येच लेखी दिल्या, तेव्हा कुठे भूमिका टिकली. ऐनवेळी सांगणाऱ्यांची जाते.

आणि बर्फ. शुक्रवारचं शिकागोचं विमान रद्द झालंच. ते गृहीत धरलेलं होतं, म्हणून शनिवार पहाटेचं आणखी एक विमान आणि शनिवारच्या कॉलेजांचे ईमेल हाताशी होते. संध्याकाळी जागा मिळाली. सकाळचा स्लॉट चुकतोय असं दिसताच कंपनीच्या रद्द झाल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडून ईमेल पाठवायचा, स्लॉटच्या आधी, नंतर नाही. बहुतेक विभाग दुसरी वेळ किंवा ऑनलाइन पर्याय देतात. ताप आला तरी हेच. तापात गाऊ नये; बसलेल्या आवाजाची नोंद पुसता येत नाही, बदललेली तारीख कुठे नोंदवलीच जात नाही.

मार्चच्या शेवटी तिला तीन ठिकाणी होकार आले, एका ठिकाणी वेटलिस्ट, आणि एका ठिकाणी कलाविभागाने निवडूनही विद्यापीठाने मार्कांवरून नकार दिला. उत्तर द्यायची मुदत १ मे. एप्रिलच्या पानावर मग नव्या नोंदी आल्या: आर्थिक मदतीची पत्रं शेजारी-शेजारी ठेवून वजा-बाकी करण्याचा रविवार, पेनसिल्व्हेनियाचा कॅम्पस बघायचा शुक्रवार, आणि मेमधल्या एपी (शाळेतच घेतलेल्या कॉलेजपातळीच्या विषयांच्या) परीक्षांची उजळणी.