समुद्रावरची जुनी पुस्तकं जमवण्याआधी

सोलापूर
ज्येष्ठ महिना

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जहाजांवरची जुनी, दुर्मिळ पुस्तकं जमवायची म्हणतोस हे ऐकून घरचे हसले, सोलापुरात कुठला आलाय समुद्र म्हणाले, असं लिहिलं आहेस. त्यांना एवढंच सांग, की वालचंद हिराचंद 1882 साली याच गावात जन्मले. त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघालं आणि ती तारीख आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. तेव्हा हा विषय आपल्या गावाला परका नाही.

आता कामाचं. यादी पाठवा म्हणालास, पण यादीआधी मोजणी शीक. समुद्राचं पुस्तक इतर जुन्या पुस्तकांसारखं कपाटात बसून म्हातारं झालेलं नसतं. ते जहाजावर वापरलेलं असतं. त्यातले घडीचे नकाशे उघडून टेबलावर पसरलेले असतात, आणि पुढे कधीतरी कुणीतरी तेच कापून चौकटीत घालून वेगळे विकलेले असतात. लिन्सखोटेन या डच प्रवाशाचा 1596 चा ‘इतिनेरारिओ’ घे. त्यातला गोव्याचा मोठा आराखडा सुटा विकायला येतो, म्हणजे तो कुठल्यातरी प्रतीतून निघालेला असतो. म्हणून बांधणी सुंदर, सोनेरी अक्षरं शाबूत, आणि आत दोन नकाशे गायब, ही या विषयातली नेहमीची फसगत आहे. विकणारा खोटं बोलतो असं नाही. बहुतेक वेळा त्यानंही मोजलेलं नसतं.

मोजायचं कसं? पृष्ठक्रमांकावर विसंबू नकोस, जुन्या छापखान्यांत ते चुकायचे. पानाच्या तळाशी बारीक अक्षर असतं, ती फॉर्म्याची, म्हणजे दुमडलेल्या एका तावाची, खूण. एक ताव एकदा दुमडला तर दोन पानं, दोनदा दुमडला तर चार, तीनदा दुमडला तर आठ. खुणांची वर्णमाला मात्र 26 अक्षरांची नसते, 23 ची असते. आय आणि जे मिळून एक, यू आणि व्ही मिळून एक, आणि डब्ल्यू नाहीच. त्यामुळे जे किंवा डब्ल्यू सापडला नाही म्हणून घाबरू नकोस. चारपानी घडीच्या पुस्तकात एक पूर्ण फेरी म्हणजे 23 गुणिले 4, अशी 92 पानं, 184 पृष्ठं. फेरी संपली की दुहेरी अक्षरं सुरू होतात. सुरुवातीची पानं, म्हणजे शीर्षक, अर्पणपत्रिका, वर्गणीदारांची यादी, बहुधा शेवटी छापली जात, म्हणून त्यांच्या खुणा वेगळ्या असतात. ती वेगळी मोज.

चित्रांसाठी ‘बाइंडरला सूचना’ असं एक पान शोध. कुठलं चित्र कोणत्या पृष्ठासमोर लावायचं हे त्यात छापलेलं असतं. ते नसेल तर त्याच आवृत्तीची स्कॅन केलेली प्रत आंतरजालावर उघडून पानागणिक ताडून बघ. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथ संजीवनी’ हे संकेतस्थळ आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांसाठी फार उपयोगी आहे. एक सावधगिरी ठेव. स्कॅन करताना घडीचे नकाशे बरेचदा न उघडताच फोटो काढलेले असतात. तेव्हा स्कॅनमध्ये नकाशा दिसला नाही, एवढ्यावरून तो मुळातच नव्हता असं धरू नकोस. दोन वेगळ्या ग्रंथालयांच्या प्रती बघ.

खंडांचंही तसंच. फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल याचं प्रवासवर्णन हॅक्लुइट सोसायटी या जुनी प्रवासवर्णनं छापणाऱ्या इंग्लंडमधल्या संस्थेनं 1887 ते 1890 दरम्यान इंग्रजीत काढलं. खंड दोन, पण दुसऱ्या खंडाचे दोन भाग, म्हणजे हातात पुस्तकं तीन यायला हवीत. ‘दोन खंड, संपूर्ण’ अशी जाहिरात दिसली की आधी विचार, कोणते दोन?

कागद ओळखायला दहापट भिंग आणि एक टॉर्च पुरे. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती कागद चौकोनात किंचित दबलेला असतो आणि शाईच्या रेघा बोटाला जाणवतात. भिंगाखाली रेघेऐवजी जाळीसारखे सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई, पान नंतर घातलेलं. जुन्या शीर्षकपानाचा फोटो घेऊन केलेली पुनर्मुद्रणं आपल्या बाजारात भरपूर आहेत. पुढे 1877 आणि उलटून बघितलं की मागच्या बाजूला परवाचं साल. वाचायला ती उत्तम. दर मात्र पुनर्मुद्रणाचाच द्यायचा.

मराठी पुस्तकांवर साल शके असेल तर 78 मिळव. शके 1785 म्हणजे 1863. वर्षाच्या शेवटी, इंग्रजी जानेवारी उलटल्यानंतर फाल्गुन संपेपर्यंत छापलेलं असेल तर 79. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ 1863 चं आहे. मुंबई बंदरासाठी ते तुझ्या कपाटात हवंच. मूळ प्रत मिळेपर्यंत नव्या आवृत्तीवर भागव.

आता कुंपण. ‘जहाजं आणि समुद्र’ हा विषय नाही, तो महासागरच आहे, त्यात पैसे बुडतात. तू पश्चिम किनारा घे आणि त्यातही सिंदियापासून सुरू कर, कारण या गावात आणि या गावाहून गेलेल्या घरांत ते कागद निघण्याची शक्यता इतर कुठल्याही कागदांपेक्षा जास्त. वार्षिक अहवाल, भागधारकांची पत्रकं, 1928 साली कायदेमंडळात आलेल्या किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव ठेवण्याच्या विधेयकावरच्या पुस्तिका, विशाखापट्टणमला 14 मार्च 1948 रोजी नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडलेल्या ‘जलउषा’चे कार्यक्रम-कागद. असली चोपडी ग्रंथालयंसुद्धा नीट जपत नाहीत, रद्दीत जातात. जाड पुस्तकं कोणीही सांभाळतं. पातळ पुस्तिका ज्याला ओळखता येते, त्याचाच संग्रह पुढे कामाचा ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

‘लॉयल्टी’बद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. ते जहाज सिंदियाचं होण्याआधी ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतलेलं इस्पितळ-जहाज होतं, आणि त्याही आधी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. म्हणजे 1891 पासूनची त्या कंपनीची वेळापत्रकं, प्रवासपुस्तिका, भोजनाची कार्डं हेही ‘लॉयल्टी’चेच कागद, फक्त दुसऱ्या नावाखाली लपलेले. ‘लॉयल्टी’ नाव टाकून सगळे शोधतात. जुन्या नावानं शोध. कुठलंही जहाज हाती घेतलंस की पहिल्यांदा त्याची सगळी नावं लिहून काढ.

यानंतर मुंबईची गोदी आणि आरमार. चार्ल्स रॅथबोन लो यांचा हिंदी नौदलाचा इतिहास (1877, दोन खंड), राधाकुमुद मुखर्जींचं ‘इंडियन शिपिंग’ (1912), आर. ए. वाडियांचं मुंबई गोदी आणि वाडिया जहाजबांधकांवरचं पुस्तक (1955), आणि मराठा आरमारावर भा. कृ. आपट्यांचं 1973 चं पुस्तक. ही चार आधी वाचायला घे, नंतर जमवायला. क्लेमंट डाउनिंगचं आंग्र्यांवरचं 1737 चं पुस्तक हे पुढचं स्वप्न. तोवर विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेली 1924 ची आवृत्ती घे, टिपांमुळे ती अभ्यासाला मूळ प्रतीपेक्षा बरी.

खलाशांची मार्गदर्शकं म्हणजे वेगळीच जात. जेम्स हॉर्सबर्ग ज्या जहाजावर होता ते 1786 साली चुकीच्या नकाशापायी हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर फुटलं, आणि मग तो आयुष्यभर किनारे मोजत राहिला. त्याचं पूर्वेकडच्या प्रवासाचं मार्गदर्शक 1809 ते 1811 मध्ये आलं. नवी आवृत्ती आली की जुनी वापरणं जिवावर बेतायचं, म्हणून जुनी फेकली जायची. त्यामुळे पहिल्या आवृत्त्या कमी उरल्या. अशा पुस्तकांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, समासात पेन्सिलीनं खोली लिहिलेली दिसेल. ती घाण समजून पुसू नकोस, चिठ्ठी सोडवू नकोस. ते पुस्तक खरोखर समुद्रावर गेलं होतं याचा तोच पुरावा.

ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या, म्हणजे नौदल खात्याच्या, सुट्या नकाशांवर तळाशी मधोमध प्रकाशनाची तारीख असते आणि विकणारा तीच सांगतो. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुरुस्त्यांची सालं असतात, ती बघ. 1860 चा म्हणून सांगितलेला नकाशा 1920 पर्यंत दुरुस्त होत आलेला असू शकतो. शेवटच्या सालावर किंमत ठरव. पाठीला निळा कागद लावलेले खाजगी प्रकाशकांचे नकाशे दिसले तर मात्र मळके असले तरी थांबून बघ. ते जहाजावर झिजून संपायचे, म्हणून टिकलेले थोडे.

खरेदीसाठी आपण बऱ्या जागी आहोत. एका रात्रीच्या गाडीनं मुंबईत फोर्टचे पदपथ, उलट्या दिशेला हैदराबादचा ॲबिड्सचा रविवारचा बाजार. गावातल्या रद्दीवाल्यांना महिन्यातून एकदा भेट. ‘जहाज’ म्हणू नकोस. ‘जुने इंग्रजी अहवाल, नकाशे, बोटींची चित्रं’ असं सांग, म्हणजे त्यांना बाजूला काढून ठेवता येतं. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर ‘रद्द’चा शिक्काही हवा. नसेल तर घेऊ नकोस आणि त्या ग्रंथालयाला कळव. परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क धरून किंमत काढ. लिलावात हातोड्याच्या किमतीवर लिलावगृहाचा हिस्सा वेगळा लागतो, तो आधी विचार. आणि हस्तलिखित, म्हणजे जहाजाची रोजनिशी, मोडीतली आरमाराची पत्रं, 75 वर्षांपेक्षा जुनं आणि ऐतिहासिक मोलाचं असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. ते तुला देशाबाहेर विकता किंवा पाठवता येणार नाही.

आता सोलापूरची हवा. वैशाखात दुपारी हवा इतकी कोरडी होते, की कातडी आखडते, पुठ्ठे वाकतात, घडीचा कागद पापडासारखा तुटतो. म्हणून कूलर लावलेल्या खोलीत पुस्तकं ठेवावीशी वाटतात. तसं करू नकोस. कूलर दिवसा ओल भरतो, रात्री बंद झाला की हवा परत कोरडी. या रोजच्या चढउतारानंच बांधणी सुटते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, पिंपं भरून ठेवलेली असतात, त्या खोलीतही कपाट नको. आतली, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवड. लोखंडी कपाट भिंतीपासून चार इंच पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर. आर्द्रता दाखवणारं साधं यंत्र आत ठेव. आकडा 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास हवा, पण तो एका दिवसात फार हलू नये हे त्याहून महत्त्वाचं.

घडीचा नकाशा उन्हाळ्यात उघडूच नकोस. श्रावणात, हवेत थोडी ओल असताना उघड. पुस्तक सपाट ठेवून नकाशाखाली पुठ्ठा सरकव, एकेक घडी हातानं आधार देत उलगड. मिटताना नवी घडी पाडू नकोस. फाटतो तो नेहमी एकाच जागी, बांधणीपासून निघून पहिल्या घडीला वळतो तिथे. चिकटपट्टी आणि फेविकॉल दोन्ही वर्ज्य. चिकटपट्टीचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो, फेविकॉल नंतर निघत नाही. गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ आणि जपानी पातळ कागद, एवढ्यावरच दुरुस्ती, तीही आधी रद्दी कागदावर हात बसल्यावर.

पुस्तकं गुंडाळायला सुती मांजरपाट उत्तम, पण कोरं कापड तसंच वापरू नकोस. त्यात खळ असते आणि कसर त्या खळीलाच येते. दोनदा गरम पाण्यातून काढून, वाळवून मग वापर. रंगीत चादरीत कधी गुंडाळू नकोस, ओल लागली की रंग उतरतो. वेखंड पुरचुंडीत बांधून कप्प्यात ठेव, पानांत नको, डाग पडतो. कातडीची लाल भुकटी हाताला लागली तर तेल किंवा व्हॅसलीन चोळू नकोस, कातडं काळं पडतं आणि भुकटी थांबत नाही. अशा पुस्तकाला कागदी वेष्टण घालून बाजूला ठेव. कीड दिसली तर पुस्तक पॉलिथीनमध्ये हवा काढून बंद कर आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नकोस, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच राहतं. चर्मपत्राच्या बांधणीचं पुस्तक मात्र घरी फ्रीझरमध्ये घालू नकोस. आणि वाचताना शेंगाचटणी-भाकरीचं ताट दुसऱ्या खोलीत. त्या तेलाचा डाग कुठल्याच उपायानं जात नाही.

नोंदवही आजच घाल. तारीख, कुणाकडून, किती रुपये, फॉर्म्यांची मोजणी, नकाशांची मोजणी, काय कमी. क्रमांक मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं. पार्सल आलं की उघडतानाच फोटो काढ आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत मोजणी पूर्ण कर. सोबत मोजणीचा एक कोरा तक्ता पाठवतो आहे. पहिली तीन पुस्तकं भरून मला परत पाठव. चूक कुठे होते ते लाल पेन्सिलीनं दाखवीन.