करारावर सही झाली, मग देशाचा स्वतःचा कायदा कशाला? – रासायनिक शस्त्रबंदीबद्दल सविस्तर उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की रासायनिक शस्त्रबंदीचा करार १९३ देशांनी मान्य केलेला असताना प्रत्येक देशाला परत स्वतःचा कायदा का करावा लागतो, आणि तो करायला बाहेरून मदत करतात म्हणजे नेमकं काय करतात. कोल्हापुरात बसून एलएलएमच्या प्रबंधाला हा विषय जमेल का, हीही शंका तुम्ही मांडली आहे. जमेल, आणि चांगला जमेल. मी कायद्याचा माणूस नाही. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखान्यांच्या रसायनांचे परवाने, आयात-निर्यातीची कागदपत्रं यातच माझी नोकरी गेली. त्यामुळे हे उत्तर कोर्टापेक्षा गोदामाकडून जास्त येईल.

करार बांधतो तो देशाला. पिंप भरणाऱ्या, विकणाऱ्या, ट्रकमध्ये चढवणाऱ्या माणसाला तो थेट बांधत नाही. जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसला सह्या झाल्या, २९ एप्रिल १९९७ ला करार अमलात आला, आणि त्यातलं सातवं कलम प्रत्येक देशाला सांगतं की सरकारला जे मना आहे ते तुमच्या हद्दीतल्या प्रत्येक व्यक्तीला आणि कंपनीलाही मना करा, त्यासाठी शिक्षेचा कायदा करा, तुमचा नागरिक परदेशात जाऊन हेच करत असेल तर त्यालाही तो लागू करा, आणि या सगळ्यासाठी एक राष्ट्रीय प्राधिकरण नेमा. शिक्षा किती, खटला कुठे, झडती कोण घेणार, यातलं काहीही करार सांगत नाही. आपल्या राज्यघटनेचं २० वं कलम तुम्हाला पाठच असेल: कृत्य घडलं तेव्हा अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाल्याशिवाय कुणाला दोषी ठरवता येत नाही. जगातल्या बहुतेक न्यायव्यवस्थांत हेच तत्त्व आहे. म्हणून करार आपोआप देशाचा कायदा होतो असं मानणाऱ्या देशांनाही शिक्षेपुरता वेगळा कायदा लिहावाच लागतो.

तो आधी नसला तर काय होतं, हे जपानने भोगलं. जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात सरीन हा मज्जासंस्थेवर घाव घालणारा विषारी वायू सोडला गेला, माणसं मेली. ओम शिनरिक्यो पंथाकडे संशयाची सुई वळत होती, पण सरीन तयार करणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा तिथे तेव्हा नव्हता. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत त्याच पंथाने हल्ला केला. त्यानंतर काही आठवड्यांतच जपानने रासायनिक शस्त्रांवर बंदीचा कायदा केला आणि सरीनसाठी आणखी एक स्वतंत्र कायदा केला. जपानने करारावर सही केली होती ती १९९३ मध्येच.

दुसरं उदाहरण नेदरलँड्सचं, आणि ते इचलकरंजीच्या जवळचं आहे. फ्रान्स व्हान आनराट नावाच्या डच व्यापाऱ्याने १९८० च्या दशकात सद्दाम हुसेनच्या इराकला थायोडायग्लायकॉल पुरवलं. कापडाच्या रंगकामात आणि छपाईच्या शाईत हे द्रावक म्हणून चालतं. प्रोसेस हाउसमध्ये काम केलेल्या माणसाला त्यात काही वावगं दिसणार नाही. पण क्लोरीनीकरणाची एक पायरी पुढे गेलं की त्याचा मस्टर्ड वायू होतो, म्हणजे कातडी आणि फुप्फुसं भाजून काढणारं रासायनिक शस्त्र. १६ मार्च १९८८ ला इराकमधल्या हलब्जा गावात हजारो कुर्द माणसं विषारी वायूंनी मारली गेली. व्हान आनराटवर खटला उभा राहिला तेव्हा रासायनिक शस्त्रबंदीचा कायदा कामाला आला नाही, कारण त्याची कृत्यं त्या कायद्याच्या आधीची होती. युद्धगुन्ह्यात साथ दिल्याच्या आरोपाखाली त्याला डिसेंबर २००५ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती वाढली. मुद्दा असा की डच कायद्यात परदेशात घडलेल्या युद्धगुन्ह्याला हात घालायची सोय आधीपासून होती, म्हणून तो सापडला. ज्या देशाच्या कायद्यात अशी सोय नाही, तिथला व्यापारी आरामात घरी राहिला असता.

आपल्याकडे बघा. भारताने १९९६ मध्ये कराराला मान्यता दिली, १९९७ मध्ये आपल्याकडे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं आणि २००९ पर्यंत सगळं नष्ट केलं. राज्यघटनेच्या २५३ व्या कलमाने संसदेला आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा अधिकार आहे. रासायनिक शस्त्र संधी अधिनियम २००० मध्ये झाला. तो लागू व्हायला मात्र १ जुलै २००५ उजाडला. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, आणि परदेशातल्या भारतीय नागरिकालाही तो लागतो. लोकशाही देश, जुनी नोकरशाही, मोठा रसायन उद्योग, इच्छाही होती. तरी मान्यतेपासून अंमलापर्यंत एवढी वर्षं गेली. मग ज्या देशाच्या विधी खात्यात मसुदा लिहिणारी माणसंच बोटावर मोजण्याइतकी आहेत, त्यांचं काय होत असेल याचा अंदाज करा. तिथे हा मसुदा कर, निवडणूक, जमीन, बँक या सगळ्या मसुद्यांच्या रांगेत उभा राहतो.

आता मदतीचा भाग. द हेगची रासायनिक शस्त्र प्रतिबंध संघटना, म्हणजे ओपीसीडब्ल्यू, ही मुख्य. सातव्या कलमाची अंमलबजावणी मागे पडतेय हे दिसल्यावर २००३ मध्ये सदस्य देशांनी त्यासाठी कृती आराखडा ठरवला. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव १५४० आला आणि सामूहिक संहाराची शस्त्रं दहशतवाद्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून कायदे करणं सगळ्याच देशांवर बंधनकारक झालं. संघटनेकडे नमुना तरतुदी आहेत, आलेला मसुदा तपासून शेरे देणारे वकील आहेत. देशोदेशीच्या मसुदाकारांना हेगला बोलावून त्यांच्या मसुद्यावर त्यांच्याकडूनच काम करून घेतात. खासदार-अधिकाऱ्यांच्या भेटी होतात. अनुभवी प्राधिकरणाची नव्या प्राधिकरणाशी जोडी लावून देतात. लंडनची व्हर्टिक ही बिनसरकारी संस्थाही मसुद्याच्या कामात देशांना विनामूल्य मदत करते.

यातली सगळ्यात उपयोगाची मदत कोणती, यावर माझं मत ठाम आहे. तयार नमुना कायदा हातात ठेवणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी टिकणारी मदत आहे. तो कायदा पास होतो, अहवालात एक खूण वाढते आणि पुढे काहीच होत नाही, कारण त्यात लिहिलेला 'निरीक्षक' त्या देशाच्या कुठल्या खात्यात बसतो हे कुणी ठरवलेलंच नसतं. खरी मदत म्हणजे विधी खातं, सीमाशुल्क, उद्योग खातं, पोलीस आणि रसायन आयात करणारे चार व्यापारी यांना एका टेबलाभोवती बसवून त्यांच्याच देशाच्या कामकाजाचे प्रश्न त्यांना सोडवायला लावणं. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला. इच्छा जाहीर करणं आणि ती पाळायला लावणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ओळखल्या होत्या.

मसुद्यात चुका कुठे होतात? पहिली जागा व्याख्येची. पुष्कळांना वाटतं की कराराच्या तीन याद्या आहेत आणि त्यातली रसायनं म्हणजे रासायनिक शस्त्रं. तसं नाही. करार हेतू पाहतो. कुठलंही विषारी रसायन हे रासायनिक शस्त्र आहे, अपवाद फक्त ते शेती, उद्योग, औषध, संशोधन अशा मोकळ्या ठेवलेल्या कामासाठी, आणि त्या कामाला शोभेल अशाच प्रकारात व प्रमाणात असेल तेवढाच. क्लोरीन घ्या. पाणी शुद्ध करायला तो गावोगाव लागतो, तिन्ही याद्यांत तो नाही. पण पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला वापरला तो हाच, आणि सीरियातही वापरला गेल्याचं ओपीसीडब्ल्यूच्या तपासात निघालं. एखाद्या देशाने सोपं म्हणून 'यादीतील रसायने' एवढीच व्याख्या लिहिली, तर क्लोरीनने माणसं मारणारा त्या कायद्यातून सुटला. मसुदा तपासताना मी पहिल्यांदा हेच कलम बघेन.

उलट टोकाला व्याख्या शब्दशः उतरवली की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. पेनसिल्व्हेनियात एका बाईने नवऱ्याच्या मैत्रिणीवरच्या रागातून तिच्या टपालपेटीला आणि गाडीच्या दाराला त्वचा पोळणारं रसायन फासलं. अंगठा थोडा भाजण्यापलीकडे इजा झाली नाही, पण सरकारने थेट रासायनिक शस्त्र कायद्याखाली खटला भरला. बॉन्ड विरुद्ध अमेरिका या निकालात २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा निव्वळ स्थानिक गुन्ह्यापर्यंत हा कायदा पोचत नाही. संघराज्यात केंद्राने करार केला तर राज्यांच्या अखत्यारीतल्या गुन्ह्यांना तो किती हात घालू शकतो, हा प्रश्न आपल्या २५३ व्या कलमाशी जोडून वाचा. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण इथे आहे.

दुसरी जागा याद्यांची. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीला नोव्हिचोक या मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या विषाचा हल्ला झाला, नोव्हेंबर २०१९ मध्ये देशांनी त्या गटातली रसायनं पहिल्या यादीत घालायचं ठरवलं आणि ७ जून २०२० पासून ते लागू झालं. ज्या देशांनी यादी कायद्याच्या पोटातच लिहून ठेवली, त्यांना ती बदलायला संसदेत जावं लागतं. ज्यांनी यादी परिशिष्टात ठेवून अधिसूचनेने बदलायची सोय केली, त्यांचं काम एका राजपत्रात होतं.

'आमच्याकडे रसायनांचे कारखानेच नाहीत, आम्हाला हा कायदा कशाला?' हे छोट्या देशांचं नेहमीचं म्हणणं. पण कारखाना नसला तरी बंदर असतं, मुक्त व्यापार क्षेत्र असतं, बँक असते, जहाजावर त्या देशाचा झेंडा असतो. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या न्यायालयाने काही कंपन्यांना विनापरवाना आयसोप्रोपेनॉल सीरियाला पाठवल्याबद्दल दोषी ठरवलं. आयसोप्रोपेनॉल सॅनिटायझरमध्येही असतं आणि सरीनच्या अखेरच्या टप्प्यातही लागतं. हा माल अडवायची जागा बंदरावरच्या खिडकीत असते, आणि तिथल्या माणसाला रसायनशास्त्राची पदवी नसते. त्याच्यासमोर फक्त वर्गीकरणाचा आकडा येतो. पूर्वी यादीतली कितीतरी रसायनं 'इतर' म्हणून एकाच आकड्याखाली जात. २०१७ पासून जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या वर्गीकरणात त्यातल्या अनेकांना स्वतंत्र आकडे मिळाले. मला विचाराल तर हा बदल कित्येक परिषदांपेक्षा मोलाचा आहे.

आपल्या एमआयडीसीतलं एक उदाहरण देतो, म्हणजे कायदा लिहिणाऱ्याने किती बारकाईने लिहायला हवं ते कळेल. मशीन शॉपच्या कूलंटमध्ये ट्रायइथेनॉलअमाइन असतं. हे कराराच्या तिसऱ्या यादीत आहे, कारण त्यापासून नायट्रोजन मस्टर्ड बनू शकतो. शिरोलीच्या फाउंड्रीत कोल्ड बॉक्स पद्धतीने कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, करताना ट्रायइथिलअमाइनचा माशासारखा वास येणारा वायू वापरतात. ते यादीत नाही. दोन्हींना कामगार आणि पुरवठादार 'टीईए'च म्हणतात. कायद्याने नुसतं नाव दिलं आणि सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक, मागितला नाही, तर एकाचा कागद दुसऱ्याच्या नावावर जातो. शिवाय तिसऱ्या यादीतल्या रसायनाचं घोषणापत्र लागतं ते वर्षाला ३० टनांच्या वर उत्पादन करणाऱ्याला आणि आयात-निर्यातीला. नुसतं वापरणाऱ्याला करारानुसार लागत नाही. देशाचा कायदा याहून कडक असू शकतो. पण कूलंट वापरणाऱ्या प्रत्येक लघुउद्योजकाला फॉर्म भरायला लावलं, तर तो फॉर्म खोटा तरी भरला जाईल किंवा भरलाच जाणार नाही. प्राधिकरण मग निरुपयोगी कागदांत बुडतं आणि खरा संशयास्पद व्यवहार त्यातच दडतो. माल बाहेर पाठवणार असाल तर स्कोमेट यादी (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची भारताची यादी) आणि डीजीएफटीचा, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचा, परवाना हा वेगळा विषय.

उद्योगाला तपासणीची भीती वाटते ती मुख्यतः व्यापारी गुपितांची. ती भीती रास्त आहे, करारात गोपनीयतेचं स्वतंत्र परिशिष्टच आहे. पण याच भीतीपोटी अमेरिकेने १९९८ च्या आपल्या कायद्यात निरीक्षकांनी घेतलेले नमुने देशाबाहेर नेता येणार नाहीत अशी तरतूद घातली. मला ती चुकीची वाटते, आणि हे मी कारखान्यांच्या बाजूने आयुष्य घालवून म्हणतोय. एका मोठ्या देशाने अशी सूट घेतली की उद्या ज्याच्यावर खरा संशय आहे तोही तीच तरतूद पुढे करणार. उद्योगाने यात विरोधकाच्या भूमिकेत राहायची गरज नाही. २०२४ मध्ये ओपीसीडब्ल्यू–द हेग पुरस्कार इंडियन केमिकल कौन्सिलला मिळाला. एखाद्या रसायन उद्योगसंस्थेला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

प्रबंधासाठी माझी सूचना: सगळं जग घेऊ नका. भारताचा २००० चा अधिनियम आणि त्याची २०१२ ची दुरुस्ती, सोबत जपानचा १९९५ चा कायदा, आणि एखाद्या छोट्या देशाचा अलीकडचा कायदा, एवढे तीन घ्या. प्रत्येकात व्याख्या हेतूवर आहे की यादीवर, परदेशातल्या नागरिकाला तो कसा लागतो, यादी कोण बदलतं आणि निरीक्षकाला गोदामाचं कुलूप उघडायला कुठला अधिकार दिला आहे, हे शोधा. ओपीसीडब्ल्यूचे सातव्या कलमावरचे वार्षिक अहवाल खुले आहेत. त्यानंतर शिरोली किंवा गोकुळ शिरगावात दोन-चार स्टोअर कीपरना भेटा आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये रसायनाचं नाव कसं लिहिलेलं असतं ते बघा. ओळखीचे कारखाने आहेत, संपर्क हवा असेल तर व्यक्तिगत निरोप टाका. फक्त मार्चअखेर सोडून या, तेव्हा स्टोअरमध्ये कुणाला बोलायला वेळ नसतो.