तळेगावचा प्लॉट आणि कॉर्न फेरीचं कार्ड

तू लिहिलंस, "दादा, पीजीटीआयवर, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरवर, दोन वर्षं झाली. बाबा तळेगावचा प्लॉट विकायला तयार आहेत, चाळीस लाख येतील. जानेवारीत फ्लॉरिडात येऊन राहतो, पीजीए टूरच्या खालच्या फळीची कॉर्न फेरी टूर खेळतो आणि पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, काढतो. बरोबर चाललंय ना?" सुट्टीत पुण्यात आलो की येरवड्याच्या कोर्सवर तुझा स्विंग पाहत आलोय, तू सोळाचा होतास तेव्हापासून. म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. खेळायला जरूर ये, राहायला एवढ्यात येऊ नकोस. आणि प्लॉटला हात लावू देऊ नकोस.

सगळ्यात आधी एक गोष्ट. फ्लॉरिडात घर घेतलं म्हणून कॉर्न फेरीवर खेळता येत नाही. तिथे शिरायला क्यू-स्कूल, म्हणजे टप्प्याटप्प्याची पात्रता स्पर्धा, लागते. प्री-क्वालिफाइंग, पहिला टप्पा, दुसरा टप्पा आणि डिसेंबरात फ्लॉरिडातल्या पाँटे व्हेड्रा बीचला अंतिम टप्पा. त्यात पहिल्या पाचांना थेट पीजीए टूरचं कार्ड मिळतं. पूर्वी पाचव्या जागेवर बरोबरी झाली तर सगळ्यांना घ्यायचे, २०२५ पासून नेमके पाचच. त्यांच्या मागच्या साधारण चाळीस जणांना कॉर्न फेरीच्या सुरुवातीच्या स्पर्धांमध्ये हमखास जागा मिळते. बाकीच्यांचं सभासदत्व नावापुरतं असतं, कुणी माघार घेतली तर फोन येतो. प्रवेश फी काही हजार डॉलर, आणि जितक्या खालच्या टप्प्यापासून सुरुवात तितकी ती जास्त.

मी दुसऱ्या टप्प्यात दोन फटक्यांनी बाहेर गेलो. शेवटच्या दिवशी सतराव्या होलच्या ग्रीनवर चेंडू आत घालायला तीन फटके (पट) घेतले. ते अजून झोपेत दिसतात. पण त्याहून जास्त सलते ती त्याआधीची चूक: क्यू-स्कूलच्या आधीच मी सगळं गुंडाळून इथे आलो होतो, आणि एका स्पॉन्सरने ऐन हंगामात हात वर केले. खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे असताना चार फुटांचा पट मारणं हा वेगळाच खेळ आहे. तुझ्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून एवढं लांबण लावतोय.

आता कार्डाबद्दल. ही टूर १९९० मध्ये बेन होगन टूर म्हणून सुरू झाली, प्रायोजक बदलले तशी नावं बदलली, २०१९ पासून कॉर्न फेरी. वर्षभराच्या गुणतक्त्यात वरचे ठरावीक खेळाडू पीजीए टूरवर जातात. हा आकडा २०२३ आणि २०२४ मध्ये ३० होता, २०२५ पासून २० झाला. वरही जागा आटल्या: पीजीए टूरवर पूर्ण हक्क राखणारे आधी १२५ असायचे, २०२६ साठी ते १०० वर आणले. म्हणजे दार अरुंद झालंय आणि आत गेल्यावर टिकणंही अवघड झालंय. नव्या कार्डवाल्याला मोठ्या रकमेच्या सिग्नेचर स्पर्धांमध्ये आपोआप प्रवेश नसतो, आणि हंगामात मधूनमधून कामगिरीप्रमाणे नव्या कार्डवाल्यांचा क्रम पुन्हा लावला जातो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कट, म्हणजे दोन दिवसांनंतरची चाळणी, चुकत गेले की नाव खाली सरकतं आणि स्पर्धाच मिळेनाशा होतात.

एकाच हंगामात तीन स्पर्धा जिंकल्या तर मात्र वर्षअखेरीची वाट पाहावी लागत नाही, तिथल्या तिथे बढती. जेसन गोरने २००५ मध्ये तसं केलं आणि त्याच वर्षी पीजीए टूरची स्पर्धाही जिंकली. पण अशी उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवून बजेट आखायचं नसतं. त्यापेक्षा झँडर शॉफेलेचं २०१६ आठव. तेव्हा नियमित हंगामातून २५ जणांना कार्ड मिळायचं आणि तो २६वा आला. त्या वेळी शेवटी फायनल्सच्या वेगळ्या स्पर्धा असत, त्यांतून त्याने कार्ड मिळवलं, म्हणून निभावलं. इतक्या ताकदीचा खेळाडू एका जागेने बाहेर राहतो, अशी ही टूर आहे.

पैशाचं बोलू. बहुतेक स्पर्धांची एकूण रक्कम १० लाख डॉलर, विजेत्याला त्यातले १८ टक्के. दीडशेच्या आसपास खेळाडू असतात, दोन दिवसांनी पहिले ६५ आणि त्यांच्याशी बरोबरीतले तेवढे कट पार करतात. बाकीच्यांना एक डॉलरही नाही. जेमतेम कट गेला तर चार हजारांच्या आसपास हातात, आणि परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारण ३० टक्के कर आधीच कापला जातो. विमान, गाडी, खोली, जेवण, कॅडीचा आठवड्याचा पगार धरून माझा आठवडा अडीच हजार डॉलरच्या खाली कधी आला नाही. पंचवीस आठवड्यांचे साडेबासष्ट हजार डॉलर, म्हणजे पन्नास लाखांच्या वर. बाबांचा अख्खा प्लॉट एका हंगामालाही पुरत नाही, आणि तोही टूरवर जागा मिळाली तर. नाही मिळाली, तर इथल्या मिनी टूरवर खेळशील. तिथे बक्षिसाची रक्कम बरीचशी खेळाडूंच्याच प्रवेश फीतून उभी राहते. भिशीसारखंच ते.

फ्लॉरिडात राहिल्याने प्रवासही वाचत नाही. अलीकडे हंगाम जानेवारीत बहामाजमध्ये सुरू होतो, मग पनामा, बोगोटा, अर्जेंटिना, चिली. आपल्या पासपोर्टवर प्रत्येक देशाचा व्हिसाचा नियम वेगळा तपासावा लागतो. बोगोटा २६०० मीटर उंचीवर आहे, चेंडू इतका लांब जातो की प्रत्येक क्लबचं अंतर नव्याने मोजावं लागतं.

व्हिसाचं नीट ऐक. फक्त बक्षिसाच्या पैशासाठी खेळणाऱ्या व्यावसायिक गोल्फरला बी-१ वर येता येतं. पण त्यावर पगार नाही, शिकवणी नाही. "संध्याकाळी दोन मुलांना शिकवून खर्च काढेन" असं तुझ्या पत्रात आहे, ते मनातून काढून टाक. पकडला गेलास तर पुढचे सगळे दरवाजे बंद. पी-१ हा खरा खेळाडूंचा व्हिसा, पण त्याला आंतरराष्ट्रीय पातळीवरची ओळख कागदावर दाखवावी लागते आणि इथल्या एजंटने किंवा संस्थेने अर्ज करावा लागतो. मी आज मुलांना शिकवतो ते बायकोच्या नोकरीमुळे ग्रीन कार्ड मिळालं म्हणून. इथल्या कॉलेज गोल्फची वाटही आहे, तिथल्या क्रमवारीत पहिला आला तर थेट पीजीए टूर आणि पुढच्या नऊ जणांना कॉर्न फेरी, पण तू व्यावसायिक झालास तेव्हाच ती संपली.

मग काय करायचं? माझं ठाम मत आहे की तुझी जवळची वाट दिल्ली-कोलकात्यावरून जाते. पीजीटीआयच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे वर्षाच्या क्रमवारीत, पहिला येणाऱ्याला युरोपच्या मुख्य टूरचं, डीपी वर्ल्ड टूरचं, कार्ड मिळतं. २०२२ मध्ये मनू गंडास, २०२३ मध्ये महूचा ओम प्रकाश चौहान, २०२४ मध्ये वीर अहलावत. चौहानने त्याच २०२३ मध्ये बंगळूरुला युरोपच्या दुसऱ्या फळीची, म्हणजे चॅलेंज टूरची स्पर्धाही जिंकली होती. ती टूर आता हॉटेलप्लॅनर टूर म्हणवते, तिच्या वर्षाच्या तक्त्यातले पहिले २० डीपी वर्ल्ड टूरवर जातात. आणि डीपी वर्ल्डच्या तक्त्यातून, ज्यांच्याकडे आधीपासून कार्ड नाही अशा वरच्या दहा जणांना, पीजीए टूरचं कार्ड मिळतं. भारतात होणाऱ्या त्यांच्या स्पर्धांमध्ये पीजीटीआयच्या खेळाडूंना जागा असते. घरचं जेवण जेवून, ओळखीच्या गवतावर तू युरोपच्या खेळाडूंशी खेळू शकतोस. ही सोय मला नव्हती, माझा जीव त्यासाठी आजही तुटतो.

आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी बघ. आधी आशियाई टूर, २०१५ मध्ये मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन, त्याच वर्षी आशियाई ऑर्डर ऑफ मेरिट. अमेरिकेच्या दुसऱ्या फळीत, तेव्हाच्या वेब डॉट कॉम टूरच्या फायनल्सला, तो शेवटी उतरला आणि काही आठवड्यांत कार्ड घेऊन गेला. अर्जुन अटवालने मात्र २००३ मध्ये थेट क्यू-स्कूलमधून कार्ड काढलं होतं. तेव्हा क्यू-स्कूलमधून कितीतरी जास्त कार्डं मिळायची. त्याचं नाव तू पत्रात घेतलंस, पण ते दार आता तसं राहिलेलं नाही.

तर पुढचं वर्ष पूर्ण पीजीटीआय खेळ. क्यू-स्कूलला बी-१ वर ये. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा फी भरण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाच. स्पर्धेच्या किमान दहा दिवस आधी पोच, कारण इथल्या बर्म्युडा जातीच्या गवताच्या ग्रीन्सवर गवताचा कल ओळखायलाच आठवडा जातो. आमच्याकडे जॅक्सनव्हिलला एक खोली रिकामी आहे, पाँटे व्हेड्रा गाडीने अर्ध्या तासावर. हॉटेल शोधू नकोस.

त्याआधी दोन गोष्टी पाठव: मागच्या वीस स्पर्धांचे सगळे स्कोर, कट चुकलेले धरून, आणि शंभर ते सव्वाशे यार्डांवरून तुझा चेंडू सरासरी होलपासून किती लांब थांबतो तो आकडा. आणि बाबांना म्हणावं, रविवारी रात्री फोन करतो, तोवर प्लॉटच्या इसारपावतीवर सही करू नका.